मानवी रक्ताच्या स्टेम सेलसाठी न्यूड माउस चालेल का, की एनएसजीच लागतो?

तुम्ही विचारलंय की एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कॉर्ड ब्लडमधल्या (नाळेच्या रक्तातल्या) सीडी३४ पेशी, म्हणजे सीडी३४ ही खूण असलेल्या, रक्ताच्या स्टेम सेल ज्यांत असतात त्या पेशी, उंदरात टाकायच्यात, ओळखीतून न्यूड माउस (बिनकेसाचा उंदीर) स्वस्तात मिळतोय आणि गाइड मात्र एनएसजी या जवळजवळ प्रतिकारशक्तीच नसलेल्या उंदरावर अडून बसलेत, तर खरंच एवढा फरक पडतो का. पडतो, भरपूर पडतो. न्यूड फुकट मिळाला तरी घेऊ नका. मी परळला एका लॅबमध्ये याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न्यूडला थायमसच (टी सेल जिथे तयार होतात ती ग्रंथी) नसतो त्यामुळे टी सेल नाहीत, हे बरोबर, पण प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशींपैकी अँटिबॉडी बनवणाऱ्या बी सेल आहेत आणि परक्या पेशी थेट मारणाऱ्या एनके (नॅचरल किलर) सेल तर उलट जोरात असतात. कॅन्सरच्या सेल लाइनची गाठ कातडीखाली वाढवायला तो ठीक आहे. रक्ताची स्टेम सेल वेगळी, तिला बोन मॅरोपर्यंत पोचायचं, तिथे महिनोन्‌महिने टिकायचं आणि सगळ्या प्रकारच्या पेशी बनवायच्या, तोवर उंदराच्या एनके सेल नि मॅक्रोफाज (परक्या पेशी गिळणाऱ्या पेशी) तिला कशाला सोडतायत.

१९८३ मध्ये फिलाडेल्फियात बोस्मा यांच्या लॅबला स्किड (टी आणि बी दोन्ही सेल नसलेला) उंदीर सापडला. त्याच्यात डीएनए तुटला की जोडणाऱ्या एका जीनमध्ये बिघाड आहे, आणि टी सेल बी सेलचे रिसेप्टर डीएनए कापून-जोडूनच बनतात, त्यामुळे दोन्ही एकदम गायब. १९८८ पासून लोकांनी त्यात मानवी पेशी टाकायला सुरुवात केली पण एनके शाबूत होत्या, शिवाय वय वाढलं की थोड्या टी-बी सेल परत डोकं वर काढायच्या. मग १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबमध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी स्किडचा बिघाड एनओडी जातीत आणला. एनओडी हा मुळात जपानमधला डायबेटिसचा उंदीर, त्याच्या एनके कमजोर, कॉम्प्लिमेंट (रक्तातली परक्या पेशी फोडणारी प्रोटीन) चालत नाही, मॅक्रोफाज पण मंद.

आता मला या सगळ्यात सर्वात भारी वाटणारा भाग. आपल्या पेशींवर सीडी४७ नावाचं प्रोटीन असतं, मॅक्रोफाजवरच्या सर्प-अल्फा या रिसेप्टरने ते पकडलं की मॅक्रोफाज ती पेशी खात नाही. बहुतेक उंदरांचा सर्प-अल्फा माणसाचं सीडी४७ नीट ओळखत नाही, पण एनओडीचा निव्वळ योगायोगाने घट्ट पकडतो! २००७ मध्ये टोरांटोच्या ग्रुपने हे दाखवलं, म्हणजे लोक आधी बरीच वर्षं एनओडी वापरत होते आणि तो एवढा चांगला का चालतो याचं मोठं कारण नंतर कळलं. म्हणून कोणी म्हणालं की आमच्याकडे दुसऱ्या जातीचा स्किड आहे, तोच चालवा, तर बॅकग्राउंड कुठलं हे आधी विचारा.

एनओडी-स्किडची अडचण अशी की थायमसमध्ये लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होऊन बरेचसे साधारण ८-९ महिन्यांत जातात, आणि थोडीफार एनके उरतेच. यावर उपाय म्हणून आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, पेशींना सिग्नल देणारं प्रोटीन) रिसेप्टरची गॅमा चेन काढली. ती फक्त आयएल-२ ची नाही, आयएल-४, ७, ९, १५, २१ सगळ्यांच्या रिसेप्टरना कॉमन आहे, आणि आयएल-१५ चा सिग्नल गेला की एनके बनतच नाहीत. असे एनओडी-स्किडवर गॅमा चेन बिघडवलेले दोन उंदीर, जपानचा एनओजी २००२ चा, जॅक्सनचा एनएसजी २००५ चा. एनओजीत ती चेन अर्धवट कापलेली, एनएसजीत पूर्ण गायब, पण तुमच्या कामाला दोन्ही सारखेच धरा. दोन्ही दीड वर्ष आरामात जगतात.

थोडक्यात गाइड बरोबर आहेत, पण मी त्यांना एक वेगळा प्रश्न विचारेन, रेडिएशन कुठे देणार? उंदराचा मॅरो म्हणजे दादरला येईपर्यंत गच्च भरलेली विरार लोकल, आधी काही सीट रिकाम्या केल्याशिवाय मानवी पेशीला जागा नाही. मोठ्या एनएसजीला साधारण २००-२५० सेंटीग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) देतात, त्याहून फार वर गेलात तर उंदीरच मरतात कारण स्किडच्या बिघाडामुळे त्यांच्या कुठल्याच पेशीला तुटलेला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही. इरॅडिएटर (रेडिएशन देण्याचं यंत्र) म्हणजे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, तिथल्या लोकांच्या वेळा, आणि बाहेरच्या संस्थेत असेल तर उंदीर निर्जंतुक पेटीत घालून मुंबईच्या ट्रॅफिकमधून न्यायचे. हे जमणार नसेल तर एनबीएसजीडब्ल्यू हा एनएसजीसारखाच उंदीर बघा. त्यात किट (स्टेम सेलना लागणारा एक जीन) कमजोर केलाय त्यामुळे उंदराच्या स्वतःच्या स्टेम सेलच लंगड्या, मानवी पेशी रेडिएशनशिवाय बसतात. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये हाच.

एनएसजीएस या एनएसजीच्याच सुधारलेल्या उंदराच्या मोहात पडू नका. त्यात माणसाचे आयएल-३, जीएम-सीएसएफ आणि स्टेम सेल फॅक्टर हे पेशी वाढवणारे घटक घातलेत, मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचा एक गट) मस्त दिसतात, ल्युकेमियावाल्यांना उपयोगी आहे, पण सतत डिवचल्यामुळे नॉर्मल स्टेम सेल दमून संपतात आणि तुम्हाला तर तीच मोजायचीय. आणि लाल पेशी बघायच्या असतील तर रक्तात शोधू नका, उंदराचे मॅक्रोफाज त्या खाऊन टाकतात, मॅरोमध्ये ग्लायकोफोरिन-ए (लाल पेशींची खूण) लावून बघा.

इंजेक्शन शेपटीच्या शिरेत. शेपूट आधी कोमट करा म्हणजे शीर फुगते, सुई जवळजवळ आडवी, आणि पिस्टन ढकलताना अडल्यासारखं वाटलं किंवा कातडी पांढरी पडली तर शिरेत नाहीये, थांबा, थोडं वर परत घ्या. माद्या घेतल्या तर बरं, कमी पेशींत पण चांगलं एनग्राफ्टमेंट (मानवी पेशी बसणं) येतं. सीडी३४ नीट शुद्ध करा, टी सेल बरोबर गेल्या तर त्याच उंदरावर उलटतात, वजन उतरतं, केस विस्कटतात, पाठीला पोक येतो. फ्लोमध्ये (फ्लो सायटोमेट्री, खुणांवरून पेशी मोजण्याची पद्धत) मानवी सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण) बरोबर उंदराचं सीडी४५ पण लावा, दोन्ही पॉझिटिव्ह दिसलं की ते बहुतेक चिकटलेल्या पेशी, ते मोजू नका. आणि सीडी१९ (बी सेलची खूण), सीडी३३ (मायलॉइडची खूण) दोन्ही दिसले पाहिजेत, नुसत्या एका प्रकारच्या पेशी दिसल्या म्हणजे स्टेम सेल बसली असं होत नाही.

राहिला वेळ. लवकरच्या आठवड्यांत जे दिसतं ते बरंचसं प्रोजेनिटरचं (स्टेम सेलपासून बनलेल्या, थोडा काळच टिकणाऱ्या पेशींचं) काम असतं, खऱ्या स्टेम सेलसाठी १६ आठवडे थांबून मॅरो बघतात, आणि कडक रिव्ह्यूअर असेल तर तो मॅरो दुसऱ्या उंदरात टाकून परत तेवढंच थांबायला लावतो. त्यात प्राण्यांच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, कॉर्ड ब्लडसाठी हॉस्पिटलची वेगळी मंजुरी आणि आईची लेखी संमती हे सगळं आधी. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये हे बसत नाही, त्यामुळे गाइडच्या लॅबमध्ये आधीच ट्रान्सप्लांट झालेले उंदीर असतील तर त्यांच्या मॅरोचं फ्लो आणि कॉलनी अ‍ॅसे (पेशी डिशमध्ये वाढवून वसाहती मोजणं) एवढंच स्वतःकडे मागून घ्या, आणि नवीन उंदरांचा अर्ज पीएचडीवाल्या कोणाच्या तरी प्रोटोकॉलमध्ये जोडता येतो का ते विचारा.