बायनॉरल बीट्स ऐकून बेचैनी खरंच कमी होते का? रोज लोकलमध्ये ऐकले तर चालतील का?

मी दीड वर्ष हे ऐकलेत, म्हणून लिहितेय. दोन कानांत किंचित वेगळे सूर दिले की जो डोल ऐकू येतो तो बायनॉरल बीट. तो खरा असतो. 'थीटा लहरी, दहा मिनिटांत चिंता गायब' यावर मात्र विसंबू नका.

आधी एक करून बघा. दोन्ही कानांत इयरफोन घालून ट्रॅक लावा. आवाज डोलतोय असं वाटेल. आता एका कानातला काढा. डोल थांबून सरळ, एकसुरी आवाज उरला पाहिजे. तरीही डोलत राहिला तर सूर आधीच एकत्र मिसळलेत, तो बायनॉरल नाहीच. मला या क्षणाचं अजूनही नवल वाटतं. डाव्या कानात २०० हर्ट्झ, उजव्या कानात २०६, आणि सेकंदाला सहा वेळा येणारा तो डोल बाहेर हवेत कुठेच नसतो! दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या तळाशी जिथे पहिल्यांदा भेटतात, तिथे तो जन्मतो. आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखणारी जागाही तीच. तानपुऱ्याची जोडी किंचित बेसूर असली की जो डोल ऐकू येतो तो हवेतला, एका कानालाही कळणारा. १८३९ मध्ये हाइनरिश डोव्ह या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला हा प्रकार सापडला, तेव्हा त्याचा मनःशांतीशी काही संबंध नव्हता.

तो नंतर जोडला गेला. मेंदूच्या ४ ते ८ हर्ट्झच्या लहरींना थीटा म्हणतात, म्हणून ६ हर्ट्झचा बीट ऐकवला की मेंदूही त्याच ठेक्यावर येईल, असा दावा. २०२३ मध्ये अशा १४ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. पाच दाव्याच्या बाजूचे निघाले, आठ विरुद्ध, एक अधांतरी. दुसरीकडे, २००५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात शस्त्रक्रियेआधी हे बीट्स ऐकलेल्या रुग्णांची चिंता सुमारे २६ टक्क्यांनी उतरली, नुसतं संगीत ऐकणाऱ्यांची ११ टक्क्यांनी. म्हणजे सगळंच थोतांड म्हणून झटकून टाकता येत नाही.

मी घरी पडताळून पाहिलं. धाकट्या भावाने दोन फाइल्स बनवल्या. दोन्हींवर पावसाचा आवाज, खाली एकीत २००-२०६, दुसरीत दोन्ही कानांत २००. रोज रात्री कुठली लावली ते तो सांगायचा नाही, मी सकाळी वहीत दहापैकी गुण लिहायचे. महिन्याने वही उघडली तर दोन्हींचे गुण जवळजवळ सारखे. मला फरक पडत होता तो दिवा मालवून, फोन लांब ठेवून वीस मिनिटं पडून राहण्याने. एका माणसाचा प्रयोग, पण मला पुरला.

लोकलमध्ये नकोच. डब्याच्या खडखडाटात आवाज वाढवत जाल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, त्याहून मोठ्या आवाजाला ती झपाट्याने घटते. शिवाय मुंबईत बरेच जण एकच इयरबड घालतात, त्यात बीट तयारच होत नाही. फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर दोन्ही सूर आधीच मिसळतात, मग ऐकू येणारा डोल बायनॉरल नसतो.

फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बेचैनीमुळे झोप, जेवण, काम बिघडायला लागलं असेल तर ट्रॅक शोधत बसू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.