वाचकांचे प्रश्न : स्पीकर बदलावा की दुरुस्त करावा?

प्रश्न : घरी वडिलांच्या वेळची स्पीकरची जोडी आहे. आठ इंची वूफरच्या (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम बोट लावताच भुगा होतो. दुकानदार नवे वूफर बसवा म्हणतो. बसवू का? (खानापूर)

उत्तर : एवढ्यात नको. असा फोम दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत विरतोच. खानापूरच्या पावसात तर कपाटात झाकून ठेवलेला स्पीकरही सुटत नाही. कोन (पुढचा हलणारा पडदा) आणि कॉइल (त्यामागचे तारेचे वेटोळे) मात्र बहुधा शाबूत असतात. वायर सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या वूफरला साधारण ५.५ ते ७ ओहम दिसायला हवेत. मग कोन मध्यावर धरून, समोरासमोर बोटे ठेवून सरळ आत दाबा. न घासता आत-बाहेर झाला, तर फक्त फोम बदला. खोके आणि क्रॉसओव्हर (वरचे-खालचे सूर वेगळे करून त्या-त्या स्पीकरला पाठवणारे सर्किट) त्या मूळ वूफरच्या मापानेच बेतलेले असतात. नवा वूफर भोकात बसला तरी बास तसाच येईल याची खात्री नाही.

फोम मागवताना ‘आठ इंची’ एवढेच सांगू नका. कोनाचा व्यास, फुगीर वळीचा आतला आणि बाहेरचा व्यास, फोमचा पूर्ण व्यास, ही चारही मापे मिलिमीटरमध्ये कळवा. जुना डिंक स्पिरिटने मऊ करून काढा, कागदी कोन खरवडू नका. आधी कोनाकडची कड पांढऱ्या डिंकाने चिकटवा (प्लॅस्टिकच्या कोनाला हा डिंक धरत नाही). ती वाळल्यावर फ्रेमकडची. हा फ्रेमकडचा डिंक ओला असतानाच ३० हर्ट्झचा हलका आवाज सोडा. खरखर आली तर कोन केसभर सरकवा. २४ तास वाळू द्या, पावसाळ्यात दोन दिवस.

स्क्रू काढताना जपा. चुंबक स्क्रू-ड्रायव्हर ओढून घेतो आणि टोक थेट कोनात घुसते.

प्रश्न : गणपतीत घरचे स्पीकर मंडळाला दिले, एक ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर) गेला. कुठलाही ८ ओहमचा चालेल का? (निपाणी)

उत्तर : नाही. ओहम जुळले तरी संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर किती मोठा आवाज निघतो ते) जुळायला हवी. मूळ ८८ डेसिबलचा असेल आणि नवा ९४ चा बसवलात, तर झांजा कानात टोचतील. त्यावर उपाय आहे : ४ ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि ८ ओहमचा ट्वीटरला समांतर जोडला की ६ डेसिबल उतरतात. पण मूळपेक्षा मंद ट्वीटर घेतलात, तर इलाज नाही. नव्याची अनुनाद वारंवारता (ज्या सुराला तो आपसूक घुमतो ती) क्रॉसओव्हरच्या वारंवारतेच्या निम्म्याहून कमी हवी. क्रॉसओव्हर ३००० हर्ट्झवर असेल तर १५०० च्या आत. शक्यतो दोन्ही बाजूंचे ट्वीटर बदला.

वायरींचे डाग (सोल्डर) काढण्यापूर्वी कुठली वायर कुठे होती ते लिहून ठेवा. काही खोक्यांत ट्वीटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो. ती चूक समजून सुलटा करू नका.

आणि ट्वीटर जळतो तो स्पीकर लहान म्हणून नव्हे. अॅम्प्लिफायर कुवतीपलीकडे पिळला की ध्वनिलहरींची टोके कापली जातात, त्यातून वाढलेला उच्च सुरांचा भार ट्वीटरवर पडतो. पुढच्या वर्षी मंडळाला मोठा अॅम्प्लिफायर भाड्याने आणायला सांगा.

प्रश्न : एका बाजूचा आवाज दबका येतो, पण वूफर आणि ट्वीटर दोन्ही ठीक मोजतात. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले असतील. त्याच मायक्रोफॅरडचे, नॉन-पोलर (अधिक-उणे टोक नसलेले), दोन्ही खोक्यांत बदला.