फिश फाइंडर वाचायला शिकताना

हतनूर धरणाच्या फुगवट्यात तुम्ही प्रथमच फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र, लावणार आहात, म्हणून सुरुवातीपुरते मोजकेच सांगतो. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडे सरकलेले सारे मागे पडलेले असते, त्यामुळे होडी थांबलेली असली तर एकच जागा लांबलचक सपाट तळासारखी दिसते आणि नवखा हमखास फसतो. होडी संथ, एकसारख्या वेगाने चालवा.

सर्वाधिक वेळ तळाची रेषा पाहण्यात घाला. तापी-पूर्णेच्या गाळावर ती बारीक आणि फिकट उमटते, तर खडकावर जाड व ठळक दिसते आणि दुप्पट खोलीवर तिचा दुसरा प्रतिध्वनीही अनेकदा येतो. हा फरक डोळ्यांत बसला की निम्मे काम झाले.

माशांची चित्रे दाखवणारी सोय बंद ठेवा. बुडालेल्या बाभळीची फांदीही यंत्राला मासा वाटू शकते. शिवाय यंत्राच्या ध्वनिलहरी खाली शंकूसारख्या पसरत जातात; २० अंशांच्या शंकूत १० मीटर खोलीवर सुमारे ३.५ मीटर रुंदीचा तळ येतो, म्हणजे दिसलेली खूण नेमकी होडीखालीच असेल असे नाही. ध्वनिलहरींच्या फ्रिक्वेन्सीला (वारंवारतेला) इतक्यात हात लावू नका. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघडा पडलेला काठ मात्र पायी फिरून पाहा आणि पाणी भरल्यावर तोच उतार पडद्यावर शोधा.