पिक्चर बघून पोरगी बिघडली का?

"मॅडम, पोरगी सारखी मोबाईलवर इंग्लिश पिक्चर बघती. कॉलेजातली लफडी नुसती. आता तिला आमचं घरच नको झालंय." सोलापुरातल्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका आईची ही तक्रार. आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर जातात, मुलगी अकरावीत. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

असे पालक येतात तेव्हा त्यांच्या मनात खरा प्रश्न एकच असतो: कुणी मुलगा आहे का? मी तो आधी विचारत नाही. "अक्का, घर नको म्हणजे ती नेमकं काय करते?" असं विचारलं. तेव्हा अर्जाची गोष्ट निघाली. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते. शाळेत असताना ही मुलगी बिनतक्रार अर्ज भरायची, यंदा अडून बसली. अर्जाला आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, आणि तो कॉलेजातून तपासून पुढे जातो.

माझ्या मते सगळं प्रकरण इथेच होतं.

मुलगी एकटी बसली तेव्हा मी पिक्चरबद्दलच विचारलं. तिचा लाडका निघाला 1986 चा 'प्रिटी इन पिंक'. त्यातल्या गरीब घरच्या मुलीला श्रीमंत मुलगा गाडीतून घरी सोडायला निघतो आणि ती नको म्हणते, घर दिसू नये म्हणून. "तो सीन मी परत परत बघते," ती म्हणाली. मग हळूच सांगितलं, की मैत्रिणी बरोबर असल्या तर ती रिक्षातून घराच्या अलीकडे, अशोक चौकातच उतरते. मैत्रिणी जुळे सोलापूरच्या, बऱ्या परिस्थितीतल्या. त्यांना वाटतं, हिचं घर तिथेच कुठेतरी आहे.

ही लाज पिक्चरने आणलेली नाही. वस्तीतल्या शाळेत सगळ्यांच्याच आया विड्या वळत होत्या, तिथे लपवायचं काय? अकरावीत पहिल्यांदा स्कूटी, महागडे क्लास, हॉटेलातले वाढदिवस शेजारच्या बाकावर येऊन बसतात. घरी हे बोलायची सोय नसते, म्हणून पोरं पडद्यावर स्वतःला शोधतात.

मी तिला त्या पिक्चरची एक गंमत सांगितली. मूळ शेवटात ती मुलगी तिच्यासारख्याच साध्या मित्राबरोबर राहते. प्रदर्शनाआधी पिक्चर दाखवून पाहिला तेव्हा प्रेक्षकांना ते पटलं नाही, म्हणून शेवट नव्याने चित्रित करून तिला श्रीमंत मुलाबरोबर दाखवलं. ती ताडकन म्हणाली, "म्हणजे तिचं लोकांनीच ठरवलं?" त्यावर आम्ही बराच वेळ बोललो.

आईला दोनच गोष्टी सांगितल्या. मोबाईल काढून घेऊ नका. आणि "तुझ्यासाठी हाडाची काडं करतो" हे ऐकवण्याऐवजी महिन्याला किती येतात, किती जातात, हे तिच्यासमोर मांडा. सोळा वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो. ओझं मात्र सहन होत नाही.

मुलगा होता का? होता, वर्गातलाच, तिला नुसता आवडायचा. घरी सांगायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं. धोक्याचं काही असतं तर सोडलं नसतं.

अर्ज तिने भरला. त्याआधी नावांची यादी फलकावर लागते का, हे कॉलेजच्या क्लार्कला स्वतः जाऊन विचारून आली. मैत्रिणींना अजून घरी बोलावलेलं नाही. त्याची घाई मीही करत नाही, अक्कांनाही करू नका म्हटलंय.