‘आई, पेशंट गेला तरी मला काही वाटत नाही’

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची. नर्सिंगचा जीएनएम कोर्स झाला आणि गेली दोन वर्षं कोल्हापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. हल्ली घरी आली की बोलत नाही, ताट पुढं ठेवलं तरी मोबाइलकडं बघत बसते, धाकट्यावर खेकसते. परवा जेवताना म्हणाली, ‘आई, पेशंट गेला तरी मला काही वाटत नाही.’ ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नोकरी सोडवून तिला बँकेच्या क्लासला घालावं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, नखरे आहेत. काय करू? – एक आई, करवीर तालुका

ताई, नमस्कार.

आधी बँकेचं उरकतो. जीएनएम हा डिप्लोमा आहे, पदवी नव्हे. क्लार्कच्या परीक्षेला पदवी लागते, मग ती कुठल्या का शाखेची असेना. त्यामुळं क्लासची फी भरायची घाई करू नका. शिकायचंच असेल तर जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आहे, त्यानं पदवीही हातात येते. आयसीयू नको झालं असेल तर एका वर्षाचे स्पेशालिटी डिप्लोमा आहेत, सरकारी अधिपरिचारिकेची भरती आहे. वाटा भरपूर आहेत. पण सलग नाइट करून आलेल्या पोरीनं त्यातली वाट आज निवडू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याबद्दल. लेक दगड झालेली नाही, ती दमलीय. ख्रिस्तिना मास्लाक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर १९८१ मध्ये या थकव्याची एक मोजपट्टी मांडली. तिच्यात तीन गोष्टी बघतात. मन रितं होणं ही पहिली. दुसरी म्हणजे समोरचा माणूस माणूस न वाटणं. ‘कदमकाका’ जातात आणि ‘बेड नंबर सात’ उरतो. तिसरी, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. तुमच्या लेकीचं ‘काही वाटत नाही’ हे यातलं दुसरं. रोज भाजणाऱ्या हाताला घट्टा पडावा तसं. ‘नखरे’ म्हणणाऱ्या बाबांनाही सांगा, की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये हा थकवा, म्हणजे बर्नआउट, आपल्या आजार-वर्गीकरणाच्या यादीत घेतलाय, आणि तेही आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून.

यात माझीही एक चूक सांगतो. पूर्वी असं कुणी आलं की मी लगेच दुसरं क्षेत्र सुचवायचो. आयसीयूतल्या एका ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, औषध कंपनीत एमआर व्हायला मीच लावलं. पगार वाढला, नाइट सुटल्या. तीन वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, ‘सर, रात्री कुणाच्या मोबाइलचा अलार्म वाजला तरी अजून ताडकन उठून बसतो.’ नोकरी बदलली, पण वॉर्डातलं कुणाजवळ बोलायचं राहूनच गेलं होतं.

म्हणून आता पहिल्यांदा एकच विचारतो : तुझ्याबरोबरीच्या चौघी-पाचजणी आहेत का, ज्यांना ‘सक्शन करताना’ म्हटल्यावर पुढचं समजावून सांगावं लागत नाही?

तुम्ही आई आहात, तुमचा जीव तुटतो, पण हे ऐकून घ्यायला तुम्ही चालणार नाही. तुम्ही रडाल, मग ती तुम्हाला सांभाळत बसेल. म्हणजे घरीही ड्युटीच. तालमीत मेहनत झाली की पोरं एकमेकांचं अंग रगडतात, तसं हे जोडीदारांनीच करायचं काम आहे.

लंडनमध्ये १९५०च्या दशकात मायकेल बालिंट नावाच्या मनोविश्लेषकानं फॅमिली डॉक्टरांना असं एकत्र बसवायला सुरुवात केली. बालिंट गट आजही चालतात. एकानं मनातून न जाणारा पेशंट सांगायचा, तोही फाइल न बघता. मग त्यानं खुर्ची जरा मागं घ्यायची आणि गप्प बसायचं. बाकीच्यांनी त्या डॉक्टरच्या किंवा त्या पेशंटच्या जागी आपल्याला काय वाटलं असतं ते बोलायचं. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे वाक्य तिथं चालत नाही.

राजारामपुरीत एकीच्या खोलीवर पाच नर्सेस अशा बसतात. त्यांनी एकदा मला बोलावलं होतं, आणि हे लिहू का म्हणून विचारलं तेव्हा हो म्हणाल्या. मधे भडंगाचं पातेलं. एक मुलगी सांगत होती : पेशंट गेले, नातेवाईक बाहेर रडतायत, खालून नवीन ॲडमिशन आलेली. तिनं गेलेल्या माणसाच्या बोटाचा ऑक्सिमीटर काढला, स्पिरिटनं पुसला आणि दहा मिनिटांत नव्या पेशंटच्या बोटाला लावला. ‘क्लिप अजून गार होती,’ म्हणाली, आणि थांबली. कुणी काही बोललं नाही. मग दुसरी हळूच म्हणाली, ‘मी आधी माझ्या बोटाला लावते. गरम होईपर्यंत.’ पहिली मान खाली घालून रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, असं नंतर म्हणाली.

मी तिथं काहीच केलं नाही, भडंग खाल्लं.

तुमच्या लेकीला हे जमवायचं असेल तर पथ्यं थोडीच आहेत. इन्चार्ज सिस्टर नको, कितीही चांगली असली तरी. जी ड्युटी लावते तिच्यासमोर कुणी मोकळं होत नाही. जागा हॉस्पिटलबाहेरची हवी. पंधरा दिवसांतून एकदा, तासभर पुरे. पेशंटचं नाव, गाव काही घ्यायचं नाही. व्हॉट्सॲपवर त्यातलं अक्षरही नको, स्क्रीनशॉटला पाय असतात. आणि तासभर नुसत्या मेट्रनच्या चहाड्याच झाल्या, तर मजा येईल पण थकवा तसाच राहील.

पण गट म्हणजे सगळ्यावर औषध असंही समजू नका. आयसीयूत एका नर्सकडं एक, फार तर दोन पेशंट असावेत. तिच्या अंगावर चार टाकत असतील, डबल ड्युटी लावत असतील, तर दोष तिच्या मनात नाही, ड्युटी चार्टमध्ये आहे. तिथं पाचजणींनी मिळून लेखी मागणी करायची. तरी ऐकलं नाही तर खुशाल हॉस्पिटल बदलावं. हॉस्पिटल सोडलं म्हणून नर्सिंग सोडावं लागत नाही.

तिची झोप उडाली असेल, ती वॉर्डातून झोपेच्या गोळ्या आणत असेल किंवा ‘नको झालंय जगणं’ असं चुकून जरी बोलली, तर गटाची वाट बघू नका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट चालतो, मराठीत बोलता येतं.

सोडायचं की राहायचं, हा प्रश्न तीन महिन्यांनी काढा. तेव्हा तिलाच घेऊन या, बाबांना घरी ठेवा.

आणि ताई, पहिल्या बैठकीहून ती घरी येईल तेव्हा ‘काय बोललात गं?’ असं विचारायची फार इच्छा होईल. विचारू नका. भाकरी गरम ठेवा आणि धाकट्याला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगा.