इकॉलॉजिकल रिस्टोरेशनच्या (म्हणजे बिघडलेली नैसर्गिक जागा परत पूर्वीसारखी करायच्या कामाच्या) समर इंटर्नशिपमध्ये खरंच काही शिकायला मिळतं का, की नुसतं तण उपटायला लावतात?

तण उपटायलाच लावतात :) आणि ते नीट शिकवून करून घेत असतील तर इंटर्नशिप चांगली आहे असं समजा.

तुम्ही बॉटनीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि झाडं लावायची हौस आहे असं लिहिलंय, पण ऐन उन्हाळा हा बहुतेक ठिकाणी लागवडीचा सीझनच नसतो, त्यामुळे इंटर्नच्या वाट्याला येतं ते बाहेरून घुसलेल्या वनस्पती काढणं, सर्व्हे करणं, हद्दीवरून चालत कुंपण आणि पाट्या तपासणं, पायवाटा दुरुस्त करणं. जाहिरातीत स्टुअर्डशिप (जागेची देखभाल) लिहिलं असेल तर हद्द-पायवाटवालं काम जास्त, रिस्टोरेशन असेल तर तण आणि डेटा जास्त, बाकी माणसं कमी असली की सगळ्यांना सगळंच करावं लागतं.

आता तण म्हणजे काय ते बघा. घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन पसरलेलं झुडूप) नुसती वरून छाटली तर बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. ती काढताना मातीच्या जरा खाली, तीन-चार सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं, फुटवे जिथून येतात तो भाग झुडपाबरोबरच निघाला पाहिजे, आणि मग अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, बुंधा वर, म्हणजे परत मातीला लागून रुजत नाही. एवढं करूनही नंतर पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली जाऊन बघावंच लागतं, कारण फळं खाऊन बिया ते तिथेच टाकतात.

क्वाड्रॅट हे दुसरं मोठं काम. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर टाकायची आणि आत कुठल्या जातीने किती टक्के जागा झाकलीय ते लिहायचं. बेरीज १०० च्या वर गेली की नवीन पोरं लगेच खोडरबर शोधायला लागतात, पण उंच गवताखाली बुटक्या वनस्पती असतात, थर असतात, त्यामुळे वर जाऊ शकते, काही चुकलेलं नसतं. आणि त्याच चौकटीत एक जण ३० लिहितो, दुसरा ५०. म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी एकत्र बसून अंदाज जुळवून घ्यावे लागतात, जो सुपरवायझर हे करून घेत नाही त्याच्या डेटावर माझा तरी भरवसा नाही.

एका उन्हाळ्यात जागा बदललेली दिसेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममध्ये (वनस्पती उद्यानात) कर्टिस प्रेअरी म्हणून माळ आहे, १९३० च्या दशकात जुन्या शेतजमिनीवर तो परत उभा करायला घेतला, सरकारी रोजगार योजनेतली तरुण पोरं तिथे राबली, आणि अजूनही तिथे परके तण काढणं, ठरवून आग लावणं चालूच आहे.

२०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांनी परिसंस्था पुनरुज्जीवनाचं दशक म्हणून जाहीर केलंय, तेव्हा रिस्टोरेशनच्या नावाने हल्ली काहीही खपतं. म्हणून मुलाखतीत उलटे प्रश्न विचाराच. आधी लावलेल्यातली किती रोपं तीन वर्षांनी जगली? ही जागा कुठल्या शाबूत जागेशी ताडून बघता? मुळात इथे काय होतं? मूळचं गवताळ रान असेल आणि त्यात झाडं लावून त्याला रिस्टोरेशन म्हणत असतील तर मी तरी जाणार नाही. नुसतं "आम्ही इतकी लाख झाडं लावली" ऐकू आलं की समजून जा.

तणनाशक हाताळायचं आहे का, असेल तर ट्रेनिंग, हातमोजे, चष्मा कोण देणार, विमा आहे का, दुपारच्या उन्हात काम थांबवतात का, हेही विचारा, लाजू नका. मानधन नसेल तर निदान राहायची सोय आणि प्रवासखर्च मिळतो का बघा, नाहीतर फुकटचा मजूरच की.

आणि अर्ज आत्तापासून करायला लागा, उन्हाळ्याच्या चांगल्या जागा बऱ्याचदा हिवाळ्यातच भरतात. अर्जात "निसर्गाची आवड" लिहिण्यापेक्षा किती वनस्पती फुलं नसतानाही ओळखता येतात ते लिहा, माझ्याकडे अर्ज आला तर मी आधी तेच वाचेन.