तलफ मेंदूत कशी दिसते?

प्रश्न : यजमानांनी आठ महिन्यांपूर्वी दारू सोडली. पण कोपऱ्यावरच्या परमिट रूमसमोरून जाताना अजून तोंडाला पाणी सुटतं, असं ते सांगतात. हे नाटक तर नाही ना?

उत्तर : नाही हो ताई. उलट त्यांनी हे तुम्हाला मोकळेपणानं सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं. सोड्याची बाटली फसफसणं, चकण्याचा वास, ठरावीक वेळ यांच्यामागोमाग वर्षानुवर्षं दारू येत गेली की मेंदू ही जोडी पक्की करतो. मग घोट घेण्याआधीच, नुसत्या खुणेनं डोपामिन या मेंदूतल्या, ओढ निर्माण करणाऱ्या रसायनाची यंत्रणा जागी होते. माझ्या एका रुग्णाला भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वासानं तलफ यायची. रॉबिन्सन आणि बेरिज या संशोधकांनी १९९३ साली मांडलं की ‘हवंसं वाटणं’ आणि ‘आवडणं’ या मेंदूतल्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हणून ‘आता ती आवडतही नाही, तरी ओढते’ असं म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो. तूर्त घरी येण्याचा रस्ता बदला.

प्रश्न : ही ओढ यंत्रावर मोजतात म्हणे. कशी?

उत्तर : एफएमआरआयवर, म्हणजे मेंदू काम करत असताना त्याची चित्रं घेणाऱ्या एमआरआयवर. माणसाला यंत्रात झोपवून कधी बिअरच्या फेसाळत्या ग्लासचं चित्र दाखवतात, कधी सरबताचं. काही प्रयोगांत वास देतात, काहींत जिभेवर थेंब सोडतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजन असलेलं ताजं रक्त धावतं. यंत्र टिपतं ते हे रक्त; मनातला विचार त्याला वाचता येत नाही. हा बदल शिगेला पोहोचायला पाच-सहा सेकंद लागतात आणि तो असतोही अगदी बारीक, म्हणून चित्रं पुन्हा पुन्हा दाखवावी लागतात. दारूच्या वेळच्या नोंदीतून सरबताच्या वेळची वजा केली की उरतो तो दारूच्या खुणेला मिळालेला प्रतिसाद.

जर्मनीतल्या मानहाइम इथल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. माफक पिणाऱ्यांत त्याचा खालचा, बक्षिसाशी जोडलेला भाग जास्त उजळला. अति पिणाऱ्यांत वरचा, सवयीचा भाग. सायकल चालवताना जशी पॅडलं आपोआप मारली जातात, तसा ग्लासकडे हात जाऊ लागतो. अशा माणसाला ‘जरा मन घट्ट कर’ एवढंच सांगणं अपुरं आहे.

प्रश्न : धाकटा भाऊ रोज पितो आणि ‘मी व्यसनी नाही’ म्हणतो. एमआरआय काढून त्याला दाखवावं का?

उत्तर : नको, पैसे वाया जातील. हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एकाच माणसाची नोंद दुसऱ्या खेपेला बरीच वेगळी येऊ शकते. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी त्याला स्वतः सोडवू द्या. आठ किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना भेटा. आणि कळकळीनं सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं.

प्रश्न : गोळ्यांनी ओढ कमी होते का?

उत्तर : काहींची होते. नाल्ट्रेक्सोन ही दारूची ओढ कमी करण्यासाठी देतात ती गोळी. ती घेणाऱ्यांत दारूच्या चित्रांना स्ट्रायटमच्या खालच्या भागाचा प्रतिसाद कमी झाल्याचं अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामध्ये २००८ साली दिसलं. मात्र यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ती घ्यावी. अफूवर्गीय वेदनाशामक चालू असेल तर ते आधी सांगा. दोन्ही एकत्र चालत नाहीत.